‘प्रत’ आणि ‘प्रतवारी’ : अमेरिकन कॉमिक पुस्तकांच्या मूल्यनिश्चितीचा इतिहास

१

मराठीत ‘प्रत’ हा शब्द दोन अर्थांनी योजिला जातो. पोथीची, ग्रंथाची अथवा दस्तऐवजाची एक नक्कल हा त्याचा एक अर्थ; आणि मालाचा कस किंवा दर्जा हा दुसरा. ‘ज्ञानेश्वरीची जुनी प्रत’ आणि ‘उंची प्रतीचा तांदूळ’ या दोन प्रयोगांत एकच शब्द असला, तरी व्यवहारात हे अर्थ सहसा एकमेकांच्या वाटेस जात नाहीत. छापील पुस्तकाच्या बाबतीत तर दुसऱ्या अर्थाचे प्रयोजनच उरत नाही. एका आवृत्तीच्या हजार प्रती काढल्या, तर त्या साऱ्या एकाच मोलाच्या, ही मुद्रणाची मूळ प्रतिज्ञा होय. ज्या वाचकास मजकूर हवा, त्यास कोणतीही प्रत चालते.

विसाव्या शतकात अमेरिकेत एक असा व्यापार उदयास आला, की ज्यात ही प्रतिज्ञा मोडली गेली. तेथे एकाच दिवशी, एकाच यंत्रावर छापलेल्या, अक्षरशः एकसारखा मजकूर असलेल्या दोन प्रतींच्या किमतींत लक्षावधी डॉलरांचे अंतर पडू लागले. आणि हे अंतर ठरविण्याचा अधिकार विक्रेत्याकडून आणि ग्राहकाकडून निघून एका तिऱ्हाइताच्या हाती गेला. हा व्यापार म्हणजे जुन्या कॉमिक पुस्तकांचा व्यापार, आणि तो तिऱ्हाईत म्हणजे व्यावसायिक प्रतवारी करणारी संस्था. प्रतवारीची ही पद्धती कोणत्या गरजेतून निर्माण झाली, शब्दांची जागा अंकांनी कशी घेतली आणि त्या अंकाचा मूल्यावर कोणता परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. प्रश्न केवळ छांदिष्टांच्या बाजाराचा नाही. ज्या वस्तूस इतिहासाचे साधन म्हणून महत्त्व आहे, तिचे जतन कसे व्हावे आणि तिची किंमत कोणी करावी, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

२

‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाचा पहिला अंक जून १९३८ या महिन्याच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्याची किंमत १० सेंट होती. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी निर्मिलेले ‘सुपरमॅन’ हे पात्र त्यात प्रथम अवतरले. पुढील वर्षी, मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ क्रमांक २७ मध्ये ‘बॅटमॅन’ आला. हे अंक वृत्तपत्राच्या दुकानांतून विकले जात, मुले ते खिशात दुमडून नेत, एकमेकांस देत आणि वाचून झाल्यावर टाकून देत. ते टिकावेत असा कोणाचाच हेतू नव्हता. त्यांचा कागद लाकडाच्या दळलेल्या लगद्याचा. त्यातील लिग्निन या द्रव्यामुळे आणि आम्लतेमुळे तो प्रकाशात व उष्णतेत पिवळा पडतो, पुढे तपकिरी होतो आणि शेवटी बोटांच्या स्पर्शाने तुटू लागतो. पाने मध्यभागी तारेच्या दोन टाचण्यांनी शिवलेली असत. दमट हवेत या टाचण्यांस गंज चढे आणि तो कागदात उतरे.

निसर्गाने जे उरविले ते इतिहासाने कमी केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि असंख्य अंक लगद्यात गेले. युद्धानंतर कॉमिक पुस्तकांमुळे मुले बिघडतात असा ग्रह बळावला. १९४८ साली पश्चिम व्हर्जिनियातील स्पेन्सर आणि न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन या गावी त्यांच्या जाहीर होळ्या करण्यात आल्या. १९५४ साली मानसचिकित्सक फ्रेड्रिक वर्थम यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. परिणाम असा झाला, की ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे २ लाख प्रती छापल्या गेल्या असे सामान्यतः मानले जाते, परंतु त्यांपैकी सुमारे शंभरच आज उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दुर्मिळता ही या वस्तूंच्या मूल्याची पहिली अट असली, तरी ती दुर्मिळता तिरस्कारातून व उपेक्षेतून आलेली आहे. जे जपले गेले नाही, तेच पुढे मौल्यवान ठरले. आणि म्हणूनच ‘कसे जपले गेले’ हा प्रश्न मूल्याचा केंद्रबिंदू होऊन बसला.

३

१९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी, बालपणी हे अंक वाचलेली पिढी प्रौढ झाली. १९६१ साली डेट्रॉइट येथील प्राध्यापक जेरी बेल्स यांनी रॉय टॉमस यांच्या सहकार्याने ‘आल्टर ईगो’ हे हौशी नियतकालिक काढले. १९६४ साली न्यूयॉर्क येथे संग्राहकांचा मेळावा भरला. टपालाने अंकांची देवघेव सुरू झाली. टपालाच्या व्यापारात ग्राहकास वस्तू पाहता येत नाही. त्याच्यासमोर असतो तो केवळ विक्रेत्याचा शब्द. त्यामुळे वस्तूच्या स्थितीचे वर्णन करणारी एक परिभाषा तातडीने आवश्यक झाली. ती नव्याने घडविण्याऐवजी नाण्यांच्या आणि जुन्या ग्रंथांच्या व्यापारातून उसनी घेण्यात आली. ‘मिंट’, म्हणजे टांकसाळीतून नुकतेच निघालेले, हा शब्द तर उघडच नाण्यांचा आहे. छापखान्यातून निघालेल्या कागदास तो लावणे हे रूपक आहे, हे वापरणाऱ्यांच्या लक्षातही राहिले नाही.

या परिभाषेचा अर्थविकास भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. तिच्यातील पायऱ्या उतरत्या क्रमाने अशा : मिंट, निअर मिंट, व्हेरी फाइन, फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. पुढे जेव्हा या शब्दांना दहापैकी अंक लावण्यात आले, तेव्हा ‘फाइन’ला ६, ‘व्हेरी गुड’ला ४ आणि ‘गुड’ला अवघे २ अंक मिळाले. म्हणजे इंग्रजीत ज्याचा अर्थ ‘चांगले’ असा होतो, तो शब्द या व्यापारात फाटक्या, सुरकुतलेल्या, पण पाने शाबूत असलेल्या प्रतीचा वाचक ठरला. याचे कारण उघड आहे. विक्रेत्यास आपला माल वाईट म्हणावयाचा नसतो. म्हणून तो प्रत्येक वेळी एक पायरी वरचा शब्द योजितो. ग्राहक हे ओळखून मनातल्या मनात एक पायरी खाली उतरतो. असे वारंवार घडले, की शब्दाचा बाजारभाव घसरतो आणि तो घसरलेला भाव हाच त्याचा रूढ अर्थ बनतो. चलनाचा फुगवटा आणि विशेषणांचा फुगवटा यांत तत्त्वतः फरक नाही.

नोव्हेंबर १९७० मध्ये टेनेसी राज्यातील क्लीव्हलंड येथून रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी आपली किंमत-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक अंकापुढे ‘गुड’, ‘फाइन’ आणि ‘मिंट’ असे तीन स्तंभ होते. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची उत्तम स्थितीतील किंमत तीत ३०० डॉलर दिली होती. या ग्रंथाने प्रथमच स्थिती आणि किंमत यांचे नाते छापील कोष्टकात बांधले. तरीही कोणती प्रत कोणत्या स्तंभात बसवावयाची हा निर्णय विकणाऱ्याकडेच राहिला. कोष्टक सर्वांचे एक होते. डोळे मात्र ज्याचे त्याचे निराळे होते.

योगायोग असा, की त्याच १९७० साली अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. विक्रेत्यास मालाचे गुणदोष ठाऊक आहेत आणि ग्राहकास नाहीत, अशा बाजारात ग्राहक सरासरी मालाचीच किंमत देऊ करतो. त्यामुळे उत्तम मालाचा धनी बाजारातून माघार घेतो, आणि शेवटी वाईट मालच उरतो, असा त्याचा आशय. कॉमिक पुस्तकांच्या टपाली व्यापारास हे विवेचन जसेच्या तसे लागू पडते. अशा बाजारात विश्वासार्ह तिऱ्हाइताची गरज निर्माण होणे क्रमप्राप्तच होते.

४

या तिऱ्हाइताचा नमुना नाण्यांच्या व्यापाराने पुरविला. नाण्याची पारख करणे हे कार्य जुनेच. मराठी राज्यात नाणी पारखणारा पोतदार आणि झिजलेल्या नाण्यावर कापला जाणारा बट्टा, या दोन संज्ञांत प्रतवारीचे सारे तत्त्व सामावलेले आहे. अमेरिकेत १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी तेथील प्राचीन तांब्याच्या सेंटांवरील ग्रंथात १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. तिचे रहस्य असे, की हे अंक मुळात स्थितीचे नव्हते, किमतीचे होते. सर्वांत खालच्या स्थितीतील नाण्याची किंमत एक धरली, तर निर्दोष नाण्याची सत्तर पट, या हिशेबाने ती पट्टी आखलेली होती. पुढे किमती बदलल्या, ते प्रमाण कोसळले. पण अंक उरले आणि ते शुद्ध स्थितिदर्शक आहेत असे मानले जाऊ लागले. किमतीतून जन्मलेला अंक किमतीचे कारण म्हणून मिरवू लागला. ही घटना पुढील विवेचनात विसरता कामा नये.

१९८६ व १९८७ साली नाण्यांची प्रतवारी करून ती पारदर्शक वेष्टनात मोहोरबंद करणाऱ्या दोन मोठ्या संस्था अमेरिकेत स्थापन झाल्या. १९९१ मध्ये हीच पद्धती खेळाडूंच्या चित्रपत्रांस लागू झाली. तिच्या आरंभीच्या काळातच तिची मर्यादाही प्रकट झाली होती, मात्र ती जगास कळावयास दोन तपे लागली. बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचे एक अतिप्रसिद्ध चित्रपत्र आठ अंकांची श्रेणी देऊन मोहोरबंद करण्यात आले होते आणि २००७ साली ते २८ लाख डॉलरांस विकले गेले. २०१३ साली ज्या व्यापाऱ्याच्या हातून ते पूर्वी गेले होते, त्याने न्यायालयीन कबुलीत आपण त्याच्या कडा कापल्याचे मान्य केले. अर्थात तज्ज्ञाची मोहोर म्हणजे सत्य नव्हे. ती सत्याविषयीची एक ग्वाही होय.

कॉमिक पुस्तकांच्या क्षेत्रात १९९१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे ‘सदबीज’ या लिलावसंस्थेने पहिला लिलाव केला आणि ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ क्रमांक २७ ची प्रत ५५,००० डॉलरांस गेली. त्याच वर्षी ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढे भाव येईल या आशेने लोकांनी एकाच अंकाच्या अनेक प्रती विकत घेऊन न वाचताच बासनात बांधून ठेविल्या. जे सर्वांनीच जपले त्यास मोल कोठून येणार? बाजार कोसळला, शेकडो दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘मार्व्हल’ या प्रकाशनसंस्थेने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. दरम्यान १९९५ साली ‘ई-बे’ सुरू होऊन संगणकावरून लिलाव होऊ लागले. ग्राहक आणि विक्रेता यांतील अंतर पुनश्च टपाली व्यापाराप्रमाणे वाढले, किंबहुना त्याहूनही अधिक. कारण आता दोघे परस्परांस नावानेही ओळखत नव्हते.

५

अशा वेळी, जानेवारी २००० मध्ये ‘कॉमिक्स गॅरंटी’ ही संस्था कार्य करू लागली. सी. जी. सी. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. तिची कार्यपद्धती थोडक्यात अशी : धनी आपली प्रत शुल्कासह पाठवितो, प्रथम तिच्यावर काही दुरुस्ती, रंगकाम वा कापाकापी झाली आहे काय, हे पाहिले जाते, एकाहून अधिक परीक्षक स्वतंत्रपणे तिची श्रेणी ठरवितात, आणि अखेरचा निर्णय झाला, की ती प्रत कठीण पारदर्शक वेष्टनात बंद करून वर श्रेणीचा अंक, पानांच्या रंगाची नोंद आणि अनुक्रमांक असलेली पट्टी लाविली जाते. दुरुस्ती न झालेल्या प्रतीस निळी पट्टी, दुरुस्त प्रतीस जांभळी. परीक्षकांनी स्वतः या मालाचा व्यापार करावयाचा नाही, असा दंडक घालण्यात आला.

श्रेणीची पट्टी ०.५ पासून १०.० पर्यंत असून तीत एकंदर २५ पायऱ्या आहेत. त्यांची रचना सम नाही. मधल्या भागात पायऱ्या अर्ध्या अर्ध्या अंकाच्या आहेत, परंतु ९.० च्या वर त्या ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ अशा दाटीने येतात. मोजपट्टी जेथे बारीक होते तेथेच पैसा असतो, हे त्यावरून कळते. फाटक्या प्रतींत सूक्ष्म भेद करून कोणास लाभ नाही. निर्दोष प्रतींतील केसाएवढ्या भेदास मात्र ग्राहक आहे. या पट्टीपुढे जुन्या विशेषणांचे राज्य संपले. ओव्हरस्ट्रीट यांच्या मार्गदर्शिकेनेही कालांतराने दशमान पद्धती स्वीकारली.

विशेषणाच्या जागी अंक आल्याने नेमके काय घडले? ‘निअर मिंट’ हे शब्द मत व्यक्त करतात, ‘९.४’ हा अंक मोजमाप केल्याचा आभास निर्माण करतो. तापमापकातील पाऱ्याप्रमाणे तो वस्तूतच आहे असे वाटते. वास्तविक तो मानवी नजरेचाच निर्णय असतो. तत्त्वज्ञ जे. ओ. उर्मसन यांनी १९५० च्या आपल्या निबंधात सफरचंदांच्या प्रतवारीचे उदाहरण घेऊन असे दाखविले होते, की श्रेणीवाचक शब्द हे साध्या वर्णनाहून भिन्न असतात. मान्य निकषांवर ते आधारलेले असले, तरी ते निकष मान्य करणे हा समाजाचा व्यवहार असतो. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत आणखी पुढे जाऊन, पंचाचा निर्णय हा घटनेचे वृत्त देत नाही, तर तो घटनेस अधिकृत रूप देतो, हे स्पष्ट केले. प्रतवारीचा अंक हा अशाच प्रकारचा निर्णय होय. तो उच्चारला जाण्यापूर्वी प्रत तीच असते, पण तिची किंमत ती नसते.

६

या निर्णयाचा मूल्यावरील परिणाम काही विक्रींवरून पाहता येईल. २२ फेब्रुवारी २०१० रोजी ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची ८.० श्रेणीची प्रत १० लाख डॉलरांस विकली गेली. तीनच दिवसांनी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २७ ची ८.० श्रेणीची प्रत १०,७५,५०० डॉलरांस गेली. त्याच वर्षी मार्चअखेर ‘ॲक्शन’च्याच पहिल्या अंकाची ८.५ श्रेणीची प्रत १५ लाख डॉलरांस विकली गेली. सुमारे पाच आठवड्यांचे अंतर, अर्ध्या अंकाचा फरक आणि किमतीत निम्म्याने वाढ! ही सारी वाढ श्रेणीमुळेच झाली असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण एका विक्रमाची वार्ता दुसऱ्या विक्रमास पोषक ठरते. तथापि, ती वार्ताही श्रेणीच्या अंकासह जगभर पसरली, हे नाकारता येत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ९.० श्रेणीच्या एका प्रतीस ३२,०७,८५२ डॉलर मिळाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये ८.५ श्रेणीच्या एका प्रतीस ६० लाख.

‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक १५ (ऑगस्ट १९६२) हा ‘स्पायडर-मॅन’चा प्रथमावतार. मूळ किंमत १२ सेंट. त्याच्या ९.६ श्रेणीच्या प्रतीस २०११ साली ११ लाख डॉलर मिळाले. २०१६ साली ९.४ श्रेणीची प्रत ४,५४,१०० डॉलरांस गेली; आणि २०२१ साली ९.६ श्रेणीच्या प्रतीने ३६ लाखांची मजल गाठली. ९.४ आणि ९.६ यांतील भेद सामान्य वाचकास भिंग घेऊनही सहज सापडणार नाही. मुखपृष्ठाच्या कण्याजवळची एखादी बारीक ताणरेषा, कोपऱ्याचा किंचित बोथटपणा, एवढाच तो असतो. जुलै-ऑगस्टातील ‘मालाच्या कसा’चा भेद कोणासही हाताने चाचपता येतो, येथे मात्र भेद डोळ्यांस दिसत नसूनही किमतीत प्रचंड दिसतो.

याचे एक कारण असे, की संस्था आपण श्रेणी दिलेल्या सर्व प्रतींची शिरगणती प्रसिद्ध करते. कोणत्या अंकाच्या किती प्रती कोणत्या श्रेणीत आहेत, हे कोणासही पाहता येते. त्यामुळे दुर्मिळतेची व्याख्याच पालटली. ज्या आधुनिक अंकाच्या लक्षावधी प्रती अस्तित्वात आहेत, त्याचीही ‘सर्वोच्च श्रेणीची एकमेव प्रत’ असू शकते. अंक सुलभ, पण श्रेणी दुर्लभ, अशी ही नवी दुर्मिळता प्रतवारीनेच निर्माण केली आहे. या गणतीचा साधन म्हणून उपयोग करताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध असावयास हवे. वेष्टन फोडून तीच प्रत अधिक श्रेणीच्या आशेने पुन्हा पाठविली जाते आणि जुनी पट्टी परत केली नाही, तर ती दोनदा मोजली जाते. शिवाय, ज्या प्रती कधी परीक्षेस पाठविल्याच नाहीत, त्यांची येथे नोंदच नाही.

७

परंतु या पद्धतीचा सर्वांत दूरगामी परिणाम किमतीवर नसून जतनाच्या कल्पनेवर झाला आहे. १९८० च्या सुमारास मौल्यवान प्रतींची दुरुस्ती करणे हे सन्मान्य कार्य समजले जाई. फाटलेले सांधावे, आम्ल काढावे, उडालेला रंग भरावा. प्रत सुधारे आणि तिचे मोलही वाढे. जांभळी पट्टी येताच हे चित्र उलटले. दुरुस्ती झालेली प्रत त्याच श्रेणीच्या अस्पर्श प्रतीच्या मानाने फारच कमी किमतीस विकली जाऊ लागली. ज्यांनी आपल्या संग्रहातील प्रती प्रेमाने नीट करून घेतल्या होत्या, त्यांस एका नव्या रंगाच्या पट्टीने तोट्यात घातले. काहींनी तर पूर्वी भरलेला रंग खरवडून काढला, म्हणजे जतन केलेली वस्तू पुनश्च बिघडविली. का, तर निळी पट्टी मिळावी. पुढे केवळ टिकाऊपणासाठी केलेल्या उपचारांकरिता वेगळी पट्टी काढून संस्थेने काही अंशी हा अन्याय दूर केला.

याच्या उलट बाजूस दाबक्रियेचा प्रश्न आहे. उष्णता, आर्द्रता व दाब यांच्या योगे सुरकुत्या आणि वळ काढून टाकल्यास प्रतीची श्रेणी वाढते. ही क्रिया दुरुस्ती समजावयाची की नाही? संस्थेने ती दुरुस्ती मानली नाही. यावर संग्राहकांत तीव्र वाद झाला. पुढे २०१२ साली ज्या उद्योगसमूहाची ही संस्था आहे, त्यानेच दाबक्रिया व दुरुस्ती करणारी एक पेढी विकत घेतली. एकाच समूहाने एका हाताने प्रत सुधारावयाची आणि दुसऱ्या हाताने तिची परीक्षा करावयाची, हे कितपत उचित, असा प्रश्न त्यावेळी विचारला गेला आणि तो निरर्थक म्हणता येणार नाही. सांधलेली चीर हा दोष आणि दाबून घालविलेली सुरकुती हा गुण, ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती निकष ठरविणाऱ्याने आखलेली आहे.

ग्रंथालयाची दृष्टी याहून सर्वस्वी भिन्न असते. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॉमिक पुस्तकांचा फार मोठा संग्रह अभ्यासकांस खुला आहे. तेथे सांधलेले पान हे सुटलेल्या पानापेक्षा श्रेयस्कर. कारण ते उलटता येते. अभ्यासकास मजकूर, जाहिराती, वाचकांची पत्रे, छपाईतील पाठभेद हे सारे पाहावयाचे असते. मोहोरबंद प्रतीत यांपैकी काहीच पाहता येत नाही. दिसतात ती केवळ दोन मुखपृष्ठे. पुस्तक उघडले की श्रेणी नष्ट होते. म्हणजे या वस्तूचे मूल्य, ती जे असावयासाठी निर्माण झाली ते तिने कधीही न होण्यावर अवलंबून आहे. हा विरोधाभास अलंकारिक नाही; तो आर्थिक वस्तुस्थितीचा भाग आहे.

तथापि, या वेष्टनाने काही साधले नाही असे म्हणणे एकांगी होईल. त्यापूर्वीच्या काळात कापलेल्या कडा, बदललेली पाने, छुपे रंगकाम यांनी अनेक ग्राहक फसविले गेले होते. तज्ज्ञ नसलेल्या मनुष्यासही योग्य भाव मिळण्याची शक्यता प्रतवारीने निर्माण केली. ‘सुपरमॅन’ या मासिकाच्या १९३९ सालच्या पहिल्या अंकाची एक प्रत उत्तर कॅलिफोर्नियात एका घराच्या माळ्यावर, आईच्या पश्चात, तिच्या मुलांस आढळली. तीस ९.० श्रेणी मिळाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ९१ लाख २० हजार डॉलरांस विकली गेली. तिऱ्हाइताची परीक्षा नसती, तर अशा वारसांस पहिल्याच चतुर व्यापाऱ्याने काय दिले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

८

ज्या व्यवस्थेचा पाया विश्वास आहे, तिची परीक्षा विश्वासघाताच्या प्रसंगीच होते. २०२१ साली ‘ब्लॅकस्टोन’ या गुंतवणूकसंस्थेने संबंधित उद्योगसमूहात बहुमताचा हिस्सा घेतला. समूहाचे मूल्य त्या वेळी ५० कोटी डॉलरांहून अधिक धरण्यात आले होते. पारख करणे हा स्वतःच एक मोठा उद्योग बनला होता. त्यानंतर २०२३ च्या अखेरीस असे उघडकीस आले, की कोणी तरी वेष्टने उघडून उच्च श्रेणीच्या पट्टीमागे हलक्या प्रती बसविल्या होत्या. संस्थेस संशयित अनुक्रमांकांची यादी प्रसिद्ध करावी लागली. मोहोर फुटू शकते एवढेच येथे सिद्ध झाले नाही. ग्राहक पुस्तक न पाहता पट्टीच पाहत होते, हेही सिद्ध झाले. तिऱ्हाइताची नेमणूक डोळ्यांस साहाय्य व्हावे म्हणून झाली. पाव शतकात त्याने डोळ्यांची जागाच घेतली.

एवंच, कॉमिक पुस्तकांच्या प्रतवारीचा इतिहास तीन अवस्थांत मांडता येतो. पहिल्या अवस्थेत विक्रेत्याचे विशेषण होते आणि ते घसरत गेले. दुसऱ्या अवस्थेत छापील कोष्टक आले. त्याने किंमत बांधली, पण निर्णय बांधला नाही. तिसऱ्या अवस्थेत अंक आला आणि त्याने निर्णय, वस्तू व किंमत या तिन्हींस एका वेष्टनात कोंडले. प्रत्येक अवस्था मागील अवस्थेतील अविश्वासावरचा उपाय म्हणून आली, आणि प्रत्येकीने आपला असा नवा अविश्वास मागे ठेविला. प्रतवारी मूल्य मोजते, हे खरे; परंतु कशास मूल्य म्हणावयाचे हेही तीच ठरविते, हे त्याहून अधिक खरे आहे. सांधलेले पान दोष, न उघडलेले पान गुण, ही व्याख्या तिचीच.

आणि या व्याख्येत कोणास स्थान नाही, तेही पाहिले पाहिजे. सीगल आणि शूस्टर यांस ‘सुपरमॅन’च्या हक्कांपोटी १९३८ साली १३० डॉलर देण्यात आले. इतर कामाच्या मोबदल्यासह ती रक्कम ४१२ डॉलरांच्या एका धनादेशाने चुकती करण्यात आली. उभयतांच्या निधनानंतर, २०१२ साली, तो धनादेशच लिलावात १,६०,००० डॉलरांस विकला गेला. कागदाच्या स्थितीस अंक देण्याची विद्या पुष्कळ सूक्ष्म झाली. त्या कागदावर ज्यांनी काही निर्माण केले, त्यांच्या श्रमाची प्रतवारी मात्र त्या धनादेशावर जी लिहिली गेली, तीच राहिली.